दिवाळीच्या सुट्टीची तारीख जूनमध्येच सांगा

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की वाचकांच्या पत्रांत दोन तक्रारी ठरलेल्या असतात. शाळांना सुट्ट्या फार, त्या कमी करा, ही एक. लेकरांना जरा मोकळं सोडा, सुट्ट्या वाढवा, ही दुसरी. माझं म्हणणं दोन्हींत बसत नाही. सुट्टी आहे तेवढी राहू द्या. ती कोणत्या दिवशी लागणार आणि शाळा पुन्हा कधी भरणार, एवढं मात्र जूनमध्ये लेखी सांगा, आणि एकदा सांगितलं की त्यात हात घालू नका. यंदा, २०२५ मध्ये, गणपती ते दिवाळी आमच्या घरी काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे एवढ्याशा मागणीसाठी मी कागद का खर्च करतोय ते कळेल.

आम्ही भोसरीत राहतो. मी घरगुती उपकरणांच्या एका वितरकाकडे बिलिंग आणि डिस्पॅच बघतो. सौ. एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मुलगी तिसरीत, अनुदानित मराठी शाळेत. मुलगा चार वर्षांचा, बालवाडीच्या लहान गटात, आणि बालवाडी सुटली की गल्लीतल्याच एका काकूंच्या पाळणाघरात. आई-अण्णा गावी, माढा तालुक्यात, सीनेच्या काठाला. म्हणजे घरात माणसं चार आणि वेळापत्रकं पाच: माझं काम, तिचं रोस्टर, शाळा, बालवाडी, पाळणाघर. उन्हाळ्यात ही पाचही कशीबशी जुळतात, कारण मुलांना सरळ गावी नेऊन ठेवता येतं. गणपती ते भाऊबीज या दिवसांत जुळत नाहीत.

यंदा गणपती २७ ऑगस्टला बसले आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली. एरवीही हा आमच्या धंद्याचा हंगाम, यंदा त्यात जीएसटीची भर पडली. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी दर उतरणार म्हणून सांगितलं, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला, नेमके घटस्थापनेच्या दिवशी. एसी, मोठे टीव्ही, भांडी धुण्याची यंत्रं २८ टक्क्यांवरून १८ वर आली. मधल्या दिवसांत गिऱ्हाईक दुकानात यायचं, मॉडेल पसंत करायचं, माप घ्यायचं आणि ‘बावीसनंतर येतो’ म्हणून निघून जायचं. गोदाम गच्च, विक्री थंड. बावीसपासून बरोबर उलटं. पडून असलेल्या मालावर नव्या किमतीची स्टिकरं चिकटवायची, फरकाच्या क्रेडिट नोटा काढायच्या, आणि टेम्पो रात्री दहापर्यंत दारात उभे. रविवारही गेले. मालकाला दोष देत नाही. वर्षाची कमाई याच दिवसांत होते आणि आमचा बोनसही त्यातूनच निघतो.

सौ.चं निराळं. पावसाळा सरताना डेंगीचे रुग्ण वाढतात आणि तिचा वॉर्ड भरलेला असतो. ऑक्टोबरचं रोस्टर सप्टेंबरच्या शेवटी लागतं. दिवाळीचा ऑफ कोणाला, यावरून तिथे फारसं न बोलता बरंच काही चालतं. ज्यांची मुलं लहान त्यांना लक्ष्मीपूजन, ज्यांचं माहेर लांब त्यांना भाऊबीज. केरळच्या सिस्टर दिवाळीत जास्तीच्या नाइट करतात, त्याची परतफेड बाकीच्या नाताळात करतात. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, बायकांनी आपापसात बसवलेलं आहे आणि आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही रजेच्या धोरणापेक्षा ते बरं चालतं. पण ‘मला १७ ते २१ दे, मी २५ पासून सलग नाइट करते’ असं म्हणायला आधी ती १७ तारीख पक्की असावी लागते.

ती पक्की नव्हती. जूनमध्ये शाळेने दिलेल्या छापील यादीत दिवाळीच्या सुट्टीपुढे कंसात ‘बदल संभवतो’ असं होतं. प्रथम सत्राची संकलित चाचणी कधी, ते ठरायचं होतं. काही विषयांच्या प्रश्नपत्रिका वरून येतात, त्यांच्या तारखा आल्या की बाकीचं वेळापत्रक लागणार, आणि ते लागलं की सुट्टी. शाळेत फोन केला तर बाईंनी सरळ सांगितलं, “दादा, आम्हालाच माहीत नाही, मलाही माहेरी जायचंय.” त्यांच्यावर रागावणार तरी कसं? पक्कं पत्रक मुलीच्या दप्तरातून बाहेर आलं तोवर नवरात्र सुरू झालं होतं. बालवाडीची सुट्टी त्याहून वेगळी, दोन दिवस उशिरा. तिचं पत्रक तर व्हॉट्सअॅपवर रात्री साडेअकराला आलं.

आता रेल्वेकडे बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तिकिटं अडवून ठेवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हे केलं, ते योग्यच. पण त्या हिशेबाने १७ ऑक्टोबरच्या शुक्रवारी, वसुबारसेला, कुर्डुवाडीला जायचं तर आरक्षण उघडलं १८ ऑगस्टला सकाळी आठ वाजता. तेव्हा घरात गणपतीचं मखरसुद्धा माळ्यावरून खाली आलं नव्हतं, आणि मुलीचा शेवटचा पेपर १६ ला की १८ ला हे पुण्या-पिंपरीत कोणी सांगू शकलं नसतं. शाळेचं पत्रक आल्यावर बघितलं तर हुतात्मा एक्स्प्रेसला वेटिंगसुद्धा मिळेना. राहिलं तत्काळ. १ जुलैपासून त्याला आधारची पडताळणी लागते, ती मी केलेली होती. पण साध्या डब्याचं तत्काळ अकराच्या ठोक्याला उघडतं आणि त्या ठोक्याला मी टेम्पोच्या मागे चलन घेऊन उभा असतो, ती वॉर्डात राउंडला. ज्यांना त्या दोन मिनिटांत मोबाइल हातात धरायची मुभा आहे त्यांचंच ते तिकीट.

एसटीने गेलो. एसटीविषयी माझी तक्रार नाही. दिवाळीची १० टक्के हंगामी भाडेवाढ जाहीर झाली आणि पुराची परिस्थिती बघून मागेही घेतली. सौ.ला महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट, मुलीला अर्धं, मुलाला नाहीच. अख्ख्या घरात पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटा. खासगी गाड्यांनी मात्र सांगितलेला दर ऐकून मी फोन ठेवून दिला. एसटीच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही असा शासनाचा निर्णय २०१८ पासून आहे, तो दिवाळीच्या आठवड्यात कुठे जातो ते परिवहन विभागाला ठाऊक.

पुराचा विषय निघालाच आहे तर खरी गोष्ट सांगतो, कारण हे पत्र लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात सीनेला पूर आला. माढा, करमाळा, मोहोळ भागातल्या बातम्या आपणही छापल्या. आमचं घर उंचावर, ते वाचलं. रान खाली. उडीद काढायच्या आधीच भिजला होता, ऊस आडवा झाला, विहीर गाळाने भरली, मोटार पाण्यात गेली. धाकटा भाऊ तिथे होता म्हणून जनावरं वेळेत बाहेर निघाली. मला लगेच जायचं होतं. इकडे बावीस तारखेपासून गोदामात ती धांदल, तरी दोन दिवसांची रजा मालक नाही म्हणाला नसता. अडलं दुसरीकडे. वर्षाच्या उरलेल्या रजा आम्ही दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कोण बघणार यासाठी राखून ठेवलेल्या, आणि ती सुट्टी केव्हापासून केव्हापर्यंत, किती दिवस उघडे पडणार, याचा पत्ता नाही. पत्ता नसला की माणूस सगळ्याच रजा मुठीत धरून बसतो. आकडा कळला असता तर त्यातल्या दोन सोडता आल्या असत्या. अण्णाच फोनवर म्हणाले, “रजा मोडू नगंस. दिवाळीला लेकरं घेऊन ये, तवाच्या तवा बघू.” तेव्हा गेलो. पंचनामा होऊन गेला होता. मी आणि भावाने विहिरीतला गाळ काढला. काठावर टाकलेल्या त्या गाळाचा पोरांनी किल्ला केला, तटबंदी, बुरूज, चोरदरवाजा सगळं. भोसरीत किल्ल्यासाठी माती विकत आणावी लागते, इथे ढीग पडलेला. मुलगी म्हणाली, एवढी माती रोज येते का? अण्णा हसले, पण काही बोलले नाहीत.

आता उरलेल्या सुट्टीचं. ऑफिसं भाऊबीजेनंतर सुरू होतात, शाळा नोव्हेंबर उजाडल्यावर. मधला आठवडा हा खरा पेच. पाळणाघरवाल्या काकूंच्या दोन्ही मुली दिवाळीला माहेरी येतात, त्या दिवसांत त्या पाळणाघर बंद ठेवतात. ठेवणारच, त्यांनाही घर आहे. थोरली गावी राहिली. धाकटा आईशिवाय राहीना, त्याला परत आणला. मग तो एक दिवस माझ्याबरोबर ऑफिसात, फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात खेळत, एक दिवस शेजारी, आणि एक दिवस सौ. नाइट करून आल्यावर न झोपता त्याच्याबरोबर. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, असं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत आलं. आमच्याकडे माणसं त्याहून कितीतरी कमी. तिच्याकडे एक खोली आहे, ती जनरल शिफ्टपुरती. राज्य शासनाच्या सेवेतल्या महिलांना पूर्ण नोकरीत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, खासगीत तसलं काही नाही. हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, इथे वाढवत नाही.

सुट्टी कमी करा म्हणणाऱ्यांना मी पाठिंबा का देत नाही, तेही सांगायला हवं, कारण माझं वर्णन वाचून तसं वाटू शकेल. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. आपल्याकडे माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जायच्या नाहीत, असं दरवर्षीच्या परिपत्रकात असतं. म्हणजे शाळा काही मनाला येईल तशी बंद राहत नाही. आणि आजी-आजोबांजवळ सलग आठ-दहा दिवस राहिल्याशिवाय मुलाला गाव कळत नाही. शनिवार-रविवारच्या धावत्या भेटीत फक्त रस्ता कळतो. मला ही सुट्टी हवी आहे, ती मोजता यावी एवढंच.

त्याच परिपत्रकात आणखी एक ओळ असते, ती फार पालकांनी वाचलेली नसावी. उन्हाळ्याची आणि दिवाळीची दीर्घ सुट्टी थोडी कमी करून ते दिवस गणेशोत्सव किंवा नाताळ अशा सणांना घेता येतात, फक्त शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हवी. कोकणातल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्याची खरी दिवाळी गणपतीत असते. आमच्यासारख्यांनाही भाऊबीजेनंतरचे तीन-चार दिवस गौरी-गणपतीत मिळाले तर पाळणाघराचा तो आठवडा निम्मा सुटेल. सगळ्यांना हे पटेलच असं नाही. पण विचारा तरी. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पाऊणशे टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. आमच्या समितीच्या बैठकीत पोषण आहाराची खिचडी, स्वच्छतागृह, गणवेश हे विषय येतात आणि यायलाच हवेत. सुट्टीच्या तारखा मात्र ‘माहितीसाठी’ वाचून दाखवतात. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, असं मी आमच्या पालक सदस्य ताईंना सांगितलंय. त्या स्वतः कंपनीत शिफ्टला जातात, त्यांना समजावायला वेळ लागला नाही.

सण दरवर्षी सरकतात म्हणून तारखा आधी ठरवता येत नाहीत, असं एका बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं. हे काही खरं नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, यंदा २१ ऑक्टोबर असं अलीकडे येत गेलं. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ते पुन्हा ८ नोव्हेंबरला जाईल. हे पंचांगकर्त्यांना वर्षानुवर्षं आधी माहीत असतं आणि भिंतीवरची दिनदर्शिका दिवाळीतच बाजारात येते. चंद्राकडून काही उशीर होत नाही. उशीर चाचणीच्या वेळापत्रकाचा आहे, आणि ते माणसांच्या हातात आहे.

जे शाळेला सांगतोय तेच मालकांनाही लागू. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. मिळून, हे कायद्यात आहे. आमच्याकडे जानेवारीत एक कागद भिंतीला लागतो, बस. यंदा त्या चारांत दसरा होता आणि दसरा आला २ ऑक्टोबरलाच, म्हणजे एक सुट्टी फुकट गेली. आदल्या दिवशी खंडेनवमीला वजनकाटा, संगणक, टेम्पो सगळ्यांची पूजा झाली, पेढे वाटले, आणि तो दिवस कामाचाच धरला. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी आहे. डिसेंबरात चहाला बसून ठरवलं तर त्याऐवजी ११ नोव्हेंबरची भाऊबीज धरता येईल. मालकाचा यात पैचा तोटा नाही. मी हे त्यांना सांगितलंय, ते ‘बघू’ म्हणालेत, आणि त्यांचं ‘बघू’ निम्म्या वेळा खरं ठरतं.

पुढच्या वर्षाचा हिशेब मी आत्ताच मांडून ठेवलाय. शुक्रवार ६ नोव्हेंबरची गाडी धरायची तर आरक्षण ७ सप्टेंबरला उघडेल, गणपती बसायच्या बरोबर आठवडाभर आधी. यंदाच्या १ ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणातही सुरुवातीची ठरावीक वेळ आधार जोडलेल्या खात्यांनाच आहे, तेव्हा दलालांपेक्षा आपल्याला थोडी जास्त आशा. पण ती वेळ वापरायला हातात तारीख हवी. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांनी शाळा उघडतानाच चाचणीचा शेवटचा दिवस, सुट्टीचा पहिला दिवस आणि शाळा भरण्याचा दिवस या तीन तारखा पक्क्या कराव्यात, आणि बालवाड्यांनी त्याच पाळाव्यात. कंसातला ‘बदल संभवतो’ काढून टाकावा. पुरासारखं काही आलं आणि बदलावं लागलं तर कोणी तक्रार करणार नाही, आम्ही तर मुळीच नाही.

आपल्याला एक विनंती. दहावी-बारावीचं वेळापत्रक आपण चौकटीत छापता, तसं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्हावार सुट्ट्यांच्या तारखांची चौकट छापा. ज्या जिल्ह्याच्या तारखा मिळणार नाहीत त्याच्यापुढे जागा रिकामी सोडा.

आपला,
एक पालक
भोसरी